इटालियन पद्धतीची छकडी

२ मार्च १९७१, देवळाली प्रवरा
शामकांत मास्तरांकडे इंग्रजी मासिक आलं आहे. त्यात इटलीची मोटार, लॅम्बोर्गिनी मिऊरा. बारा सिलिंडर. इंजिन पुढे नाही, ड्रायव्हरच्या पाठीमागे आडवं. वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटर. ऐकूनच टोपी काढून बसलो. विशेष म्हणजे कंपनीच्या बिल्ल्यावर बैल. म्हणजे मूळ विद्या आपलीच.

३ मार्च
आमच्या पोराचं, मच्छिंद्रचं, पुन्हा तेच. बैल विका, ट्रॅक्टर घ्या. शेवटी पैज लागली. जत्रेच्या शर्यतीत गावातल्या पुंजारामची छकडी मागे टाकली तर हरण्या आणि खैऱ्या घरीच राहतील. हरलो तर कासरा पोराच्या हाती. बेधडक हो म्हणालो. नंतर जेवण गेलं नाही.

७ मार्च
इंजिन मागे घेण्याचा विचार. बैल मागे जुंपले तर त्यांना रस्ता दिसणार कसा, ही एकच अडचण. कडूबाई म्हणाली, मग बैल गाडीत बसवा आन् तुमी वढा. बायकोला यंत्रातलं कळत नाही. मी चौथी पास आहे. तूर्त इंजिन पुढेच.

१२ मार्च
मास्तरांनी पुढचं पान वाचलं. वजन घटावं म्हणून मिऊराच्या सांगाड्याला जागोजागी भोकं पाडली आहेत. हे महत्त्वाचं. गिरमिट आणून छकडीच्या दांडीला भोकं पाडली. पुंजारामने जाता जाता विचारलं, वाळवी लागली का. हेरगिरी सुरू झाली. छकडीवर गोणपाट टाकलं.

१४ मार्च
आणखी भोकं पाडली. मास्तर म्हणाले, त्यांचा सांगाडा पोलादी आहे, रंगनाथराव. म्हटलं, बाभूळ काय कमी आहे? कडूबाई ओट्यावरून बोललीच, "अवं, वजनाचंच हाय तर तुमीच उतरा की खाली."
गिरमिट पुन्हा हातात घेतलं.

९ एप्रिल, जत्रा. सकाळ
मच्छिंद्र म्हणतो, तात्या, मी हाकतो. नको म्हटलं. त्याला तत्त्व ठाऊक नाही. हातपाय गार पडलेत. थंडी असावी.

संध्याकाळ
सुरुवात उत्तम. पुंजाराम मागे पडलेला स्वतः पाहिला. मग दांडी भोकाशी मोडली. बैल जू घेऊन पुढे गेले, मी छकडीसकट माळावर. गुडघा सुजला. बैल पहिले आले. पंच म्हणतात, बैल आले, गाडी कुठाय? पंचांना इटलीची काही माहिती नाही. वजन घटलं की वेग वाढतो, हे सिद्ध झालंच.

१० एप्रिल
मच्छिंद्रने कासरा मागितला नाही. मीच खुंटीवरून काढून दिला. सांगितलं, मिऊरावाला आधी ट्रॅक्टरच बनवायचा, मास्तरांना विचार. तेव्हा ट्रॅक्टरची कल्पना मुळात माझीच.

१८ एप्रिल
बैल पुंजारामनेच घेतले. म्हणाला, "जोडी लई गुणाची हाय, रंगनाथराव. तुमी जपली चांगली."
दारातून निघाल्यावर हरण्याला हाक मारली. थांबला नाही. खैऱ्याही नाही.
वेग चांगला होता.