रोज सकाळी एक सरळ रेघ

सोमवार, २४ नोव्हेंबर १९९७

शाळा आहे की रद्दीचं दुकान! दिवाळीची सुट्टी संपून धड आठवडा झाला नाही आणि नववी 'ब'च्या दारात वर्तमानपत्रांचा ढीग. सगळा उद्योग शिकलगारबाईंचा. दोन बाकांच्या मध्ये कागदाच्या सुरळ्यांचा पूल बांधायचा, डिंक आणि दोरा एवढंच वापरायचं, आणि वर विटा ठेवायच्या. हा म्हणे विज्ञानाचा तास.

मी चित्रकलेचा फळा घ्यायला गेलो तेव्हा पूल कोसळला. धडाम्! आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या! बाईसुद्धा हसतायत. म्हणे, "छान पडला. आता कुठून पडला ते बघा."

पडलेल्या गोष्टीला छान म्हणतात? मी इतकी वर्षं पोरांना एकच सांगत आलो — एकदाच करायचं आणि नीट करायचं.

टाळ्या वाजवणाऱ्यांत आमची कन्या अपूर्वा सगळ्यात पुढे.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

फळ्यावर बाईंनी लिहून ठेवलंय, पुसायचं नाही अशी ताकीद देऊन: अडचण कोणाची? त्याला विचारा. चित्र काढा. बनवा. मोडून बघा. पुन्हा बनवा. अक्षर काही खास नाही.

मंगळवार, २ डिसेंबर

आज कपबशी. वरच्या गॅलरीतून खाली टाकायची आणि फुटता कामा नये. पोरांनी उसाचं पाचट काय आणलं, जुनी गोधडी काय, एकाने तर सायकलची ट्यूब फुगवून तिच्यात कप बसवला. अर्धं आष्टा गाव बघायला फाटकाशी. आमचे हेडसरही उभे! माझ्या वर्गाच्या वेळी कधी येऊन उभे राहिलेले आठवत नाहीत.

शिपाई बाळासो चहा घेऊन आला तर तोंड उघडं टाकून तिकडेच बघतोय. म्हणाला, "सर, लय दंगा हाय बघा बाईंच्या वर्गात. पर पोरं सुटली तरी घरला जाईनात."

मी म्हटलं, "चहा ठेव आणि जा."

माझ्या वर्गातली पोरं घंटा झाली की पळतात. पळू देत. मिरजेहून आलेली, आधी कुठल्याशा कारखान्यात काम केलेली, मग बी.एड. केलेली ही सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी मला शिकवणार हात कसा वापरायचा ते? या मोहिते सरांची रेघ आख्ख्या वाळवा तालुक्याला माहीत आहे. पट्टी न लावता फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. लोक दोरी लावून बघायचे!

हल्ली फळ्यावर लाकडी पट्टी वापरतो, ती पोरांना सवय लागावी म्हणून.

चहा थोडा बशीत सांडला. बाळासो कप काठोकाठ भरतो.

रविवार, ७ डिसेंबर

जिल्हा विज्ञान प्रदर्शन जानेवारीत, सांगलीला. शाळेतून एकच वस्तू जाणार. दरवर्षी माझी जाते, म्हणजे माझ्या हाताखालच्या मुलाची. यंदा कोयनेचं धरण, थर्माकोलचं. बोलणार नववी 'ब'चा पुष्कर. पोरगा गोड बोलतो आणि पाठांतर पक्कं आहे. मॉडेल सरांनी करायचं आणि मुलाने उभं राहून सांगायचं, सगळ्या शाळांत हीच रीत आहे. पोरांच्या हाताला सफाई कुठे असते?

आज दिवसभर भिंतच कापत होतो. ब्लेड बोथट. नवं आणलं, तेही बोथट निघालं. थर्माकोलही हल्ली भुसभुशीत देतात. तीन तुकडे वाया गेले.

अपूर्वाची आई, क्षमा, दारात येऊन बघून गेली.  हिला काही बोलायचं नसलं की फार वेळ उभी राहते.

अपूर्वाला हाक मारली, धरणाला निळा रंग दे म्हणून. लहान असताना माझ्या ब्रशांसाठी रडायची. आज म्हणाली, "बाबा, मला बाईंचं काम आहे." बाईंचं काम! परसात बसून कसल्या चिंध्या शिवत होती.

खरं लिहायचं तर जळफळाट झाला. बाई शाळा घेऊ देत, हेडसर घेऊ देत. ही पोरगी माझी आहे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज जरा बरं वाटलं. सकाळी अपूर्वा कागद घेऊन आली. "बाबा, मला एक रेघ काढून द्या ना. पट्टी न लावता. तुमची ती फेमस."

आली शेवटी बापाकडे! चहा बाजूला ठेवून काढून दिली. म्हणाली, "रोज सकाळी एक द्याल?" म्हटलं, "रोज दोन घे." विचारलं कशाला, तर म्हणाली, "हवीय."

घराणं ते घराणं. शिकलगारबाईंना असली रेघ जन्मात जमायची नाही.

रेघ अगदी मनासारखी आली नाही. थंडी फार पडलीय.

मंगळवार, १६ डिसेंबर

पोरीचं नवीन खूळ. रेघ काढताना आण्णांचं जुनं जाडजूड स्टीलचं घड्याळ घालायला लावलं. "घाला ना बाबा, तुम्हाला छान दिसतं." घातलं. वडिलांचं घड्याळ, किती वर्षं पेटीत पडून होतं. रेघ झकास आली! कागद चांगला असावा.

अपूर्वा टाळ्या वाजवत आत पळाली. माझ्या रेघेला टाळ्या! लिहून ठेवतो.

शाळेत शिकलगारबाई जिन्यात भेटल्या. "सर, अपूर्वा फार जीव लावून काम करतेय. तुम्ही एकदा बघा ना तिचं." मी माझ्या मुलीचं बघत नाही असं सुचवायचंय यांना! मी म्हटलं, "बघतो की. रोज सकाळी माझ्याकडेच असते ती." आणि वर गेलो. बाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शनिवार, २० डिसेंबर

हात भरून आलाय रागाने. नीट लिहवत नाही.

शाळा सुटल्यावर खडू घ्यायला नववी 'ब'मध्ये गेलो. बाईंच्या टेबलावर माझ्या रेघा! एकाखाली एक मांडून ठेवलेल्या, प्रत्येकीखाली तारीख, अपूर्वाच्या अक्षरात. आणि जिथे जिथे रेघ जराशी हलली तिथे तिथे लाल पेन्सिलीने खुणा!

म्हणजे हे चाललंय. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, रेघा काढून घ्यायच्या आणि तिकडे नेऊन बाईंसमोर ठेवायच्या — बघा, आमचे बाबा, मोठे चित्रकलेचे मास्तर! दोघी मिळून हसल्या असतील. माझी मुलगी त्या बाईंच्या टेबलाशी बसून माझ्यावर लाल खुणा करते!

कुणाला सांगू? क्षमाला सांगितलं तर म्हणेल, आवं, तुमचं आपलं काहीतरीच.

आण्णांचा हात शेवटी शेवटी ताट धरू शकत नव्हता. पण ते सत्तरीचे होते. मी पन्नाशीचाही नाही.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी कागद घेऊन आली. वेळ नाही म्हणून सांगितलं. गेली.

बुधवार, २४ डिसेंबर

आज निवड. हेडसर, मी आणि शिकलगारबाई. टेबलावर एकीकडे माझी कोयना, दुसरीकडे बाईंच्या पोरांच्या वस्तू. घरातल्या एका माणसाची अडचण शोधा आणि त्यावर काहीतरी करा, असं बाईंनी सांगितलेलं. एकाने आजीसाठी चुलीशी बसायचं बुटकं स्टूल केलेलं, एकीने आईसाठी नळाखालची घागर कलती करायची घडवंची. आणि आमच्या अपूर्वाची एक कापडी पट्ट्यासारखी वस्तू. जाड, ओबडधोबड, तीनदा उसवून शिवलेली. हलवली की आत काहीतरी खुळखुळतं.

बाई म्हणाल्या, "सर, ही नक्की बघा. हिने सगळ्यात जास्त वेळा मोडून पुन्हा केलंय."

मी हातही लावला नाही. म्हटलं, "जिल्ह्याच्या प्रदर्शनात चिंध्या ठेवायच्या? शाळेची काही अब्रू आहे की नाही?"

पोरगी समोर उभी होती. हेडसरांनी विचारलं, "काय आहे गं हे? कोणासाठी केलंस?"

तिने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून म्हणाली, "अजून तयार न्हाई सर. राहू दे."

शिकलगारबाई काही बोलायला गेल्या तर तिने त्यांचा पदर धरला.

कोयना जाणार! जिंकलो. स्वतःच्या पोरीला हरवून कोणी असा खूश होत नसेल, पण झालो. सांगितलं होतं की नाही, एकदाच करावं आणि नीट करावं? महिनाभर मोडत बसली आणि वेळेला काही दाखवायला नाही.

घरी आल्यावर मात्र ती रडली असावी असं वाटलं. डोळे लाल होते. मी पेपर वाचत बसलो.

सोमवार, ५ जानेवारी १९९८

परवा सांगली. कोयना आज शाळेतून घरी आणली, सोप्यात ठेवली. पाण्याच्या बाजूने भिंतीची धार वाकडी दिसतेय. लाटेसारखी. इतके दिवस दिसली कशी नाही? ब्लेड घेऊन सारखी करायला गेलो तर अजून बिघडली. क्षमाने ब्लेड हातातून काढून घेतलं. "जाऊ द्या आता, चहा घ्या." मी ओरडलो तिच्यावर. नंतर टेम्पोचं बघायला स्टँडवर गेलो, तो दिवेलागणीनंतर आलो. जेवून तसाच पडलो.

परीक्षकांनी भिंत बघितली तर? चित्रकलेच्या मास्तरची भिंत वाकडी! भीती वाटतेय, इथे लिहायला काय जातंय.

बुधवार, ७ जानेवारी

तिसरा नंबर! जिल्ह्यात तिसरा!

आणि ती भिंत, मी उगाच घाबरलो होतो. सांगलीच्या हॉलमध्ये उजेडात ठेवली तर ओळंब्याच्या दोरीसारखी सरळ. सोप्यातला तो बारका बल्ब दगा देतो. परीक्षकांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "काय सफाई आहे! हे कुणी केलं?" पुष्कर पटकन म्हणाला, "आम्ही केलं सर." शहाणा पोरगा. असंच म्हणायचं असतं.

हेडसरांनी खांद्यावर हात ठेवला. शिकलगारबाईही आल्या होत्या अभिनंदन करायला. मनापासून हसल्या. माझा नंबर आणि यांना काय आनंद, कळलं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

शाळेत पेढे वाटले. नववी 'ब'त मी स्वतः गेलो मुद्दाम. अपूर्वाने पेढा घेतला, पाया पडली.  पुष्कर तिच्याकडे बघत होता, ती त्याला मानेने नको म्हणत होती. काय भानगड आहे?

शुक्रवार, ९ जानेवारी

सकाळी अपूर्वा चहा घेऊन आली आणि काही न विचारता माझ्या उजव्या मनगटावर तो चिंध्यांचा पट्टा बांधला. आत सायकलचे छर्रे भरलेत. म्हणाली, "जड असलं की हात कमी हलतो बाबा. आजोबांच्या घड्याळाने कळलं." आणि मग, "हेडसरांसमोर कसं सांगणार होते, कोणासाठी ते?"

धरणाची भिंतही, तिनेच सांगितलं, सोमवारी मी स्टँडवर असताना तिने आणि पुष्करने घासून सरळ केली. क्षमाने कंदील धरला. माझ्या हाताचं सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

हे पट्टा बांधूनच लिहितोय. अक्षर बरं येतंय. पण छर्रे जरा जास्त झालेत, आणि शिवण आतून काचते. शाळेत जायच्या आधी तिला सांगायला हवं, पुन्हा बनव म्हणून.