चिमणीच्या मागावर

४ मार्च
दुपारभर पडदे ओढून चिमणीचेच व्हिडिओ. समोरच्या बास्केटबॉल संघाची पॉइंट गार्ड — बुटकी, हातातून भुर्रकन निसटणारी, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. बॉल तीच पुढे आणते, कुणाला द्यायचा तीच ठरवते. आता प्लेऑफ. तिच्याच संघाशी लागोपाठ सामने, आधी तीन जिंकेल तो पुढे. माझं काम एकच — तिचा पिच्छा सोडायचा नाही. आमच्या कोच मॅडम म्हणाल्या, "तिला अडवलंस तर पुढच्या सीझनला बॉल तुझ्याकडे." शाळेपासून हेच तर हवंय मला! जन्मभर कोपऱ्यात उभं राहून पासची वाट बघितली.

बघता बघता डोळा लागला. रिकाम्या कोर्टवर ती ड्रिबल करत होती, बॉलचा आवाजच नव्हता.

७ मार्च
हरलो. चिमणीनं मला नुसतं नाचवलं.

१० मार्च
जिंकलो! डावीकडे घुसण्याआधी तिची हनुवटी किंचित वर जाते. व्हिडिओत कितीदा बघितलं, पण आज अंगाला कळलं. ती वळली तेव्हा मी तिथे आधीच होते, झोपेत चालत गेल्यासारखी.

पेपरवाले म्हणतात, चिमणीला दडपण झेपत नाही. काहीतरीच. एरवी तिला रोज नवा संघ. तिच्या सवयी कळेपर्यंत ती पुढच्या गावी पोचलेली असते. इथे मात्र पुन्हा पुन्हा मीच. शिवाय बॉल आमच्याकडे असला की आमची सगळ्यात उंच मुलगी मुद्दाम तिच्याच अंगावर जाते. एवढ्या उंच मुलीला अडवताना बिचाऱ्या चिमणीच्या नाकी नऊ येतात. मग बॉल आणायला पायांत जीव कुठून उरणार?

११ मार्च
घरी. आई म्हणाली, "अशी काय चालतेयस? पाय मुरगळला का?"
मी चिमणीसारखी चालत होते.

१३ मार्च
पुन्हा जिंकलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये खेळ थांबला होता. ती गुडघ्यांवर हात टेकून उभी, मी शेजारी. एवढा गोंगाट, पण मला पाण्याखाली असल्यासारखं वाटलं. कोर्टवर आम्ही दोघीच. ती धापा टाकत म्हणाली, "तुला घरदार नाही का गं?"
हसू आलं. मग फार वाईट वाटलं. शिट्टी झाली आणि मी परत तिच्या मागे लागले.

१६ मार्च
जिंकलो, पुढे गेलो. शेवटी शेवटी चिमणीनं बॉल दुसरीकडे देऊन टाकला आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. मी तिथेही गेले. मॅडमनी पाठ थोपटली. "बॉल तुझा."

२ जून
सराव सुरू. बॉल घेऊन निघाले की सगळ्या माझ्याकडे बघतात. दिवसभर तरंगत असते.

९ जून
चिमणीनं पॉइंट गार्डची जागा सोडली म्हणे. स्वतःहून. तिच्या कोचकडे तिनं एवढंच मागितलं — मला अडवायचं काम, आणि माझे असतील नसतील तेवढे व्हिडिओ.