अंडी उंदरांनी नेलेली नाहीत

बाबा,

फ्रिजमधली अंडी मी नेली. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आम्ही बनवलेल्या यांत्रिक हाताने ती एकेक करून फोडली. त्याला वाटायचं, सगळं जग नटबोल्टचंच आहे. काल मी त्याच्या बोटांत दाबाचा सेन्सर बसवला, आणि त्याने अंडं इतकं अलगद उचललं की सगळा वर्ग श्वास घ्यायचा विसरला. सरसुद्धा. मीपण.

मेकाट्रॉनिक्सला ॲडमिशन घेतल्यापासून तुम्ही माझ्याशी आईमार्फत बोलता, म्हणून ही चिठ्ठी थेट तुम्हाला. आज चार वाजता पालकांना हात दाखवणार आहोत. शेवटचं अंडं ओट्यावर वाटीत आहे. ते घेऊन या आणि तळहातावर धरून उभे राहा. तो ते तुमच्याकडून घेईल.

फुटणार नाही. फुटलंच, तर तुमचा शर्ट मी धुईन.

— घरातली मेकॅनिक