दात आत्याचे, तारा सलोनीच्या

तारकर्ली, ३ जून २०२४

ती. शर्मिष्ठावन्संना सावित्रीचा सा. न.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. पावसाळ्यापुरती मासेमारी बंद झाल्यापासून तुमचे भाऊ दारातल्या खळ्यात जाळी शिवत बसतात आणि सुट्टी असल्याने सलोनीही त्यांच्या शेजारी. परवा तिला मालवणला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पुढचे वरचे दात फार बाहेर आहेत, तारा लावायला हव्यात, असं त्या म्हणाल्या. ह्यांनी लगेच विचारलं, चतुर्थीपर्यंत होईल ना, मुंबईची माणसं येतात. मी म्हटलं, पुढे स्थळं बघताना अडणार नाही. झालं. तेरा वर्षांची पोर खुर्चीतून उठली आणि म्हणाली, आत्याचे दात असेच आसत, ती जिल्हाभर भाषणां करता, तिचा काय अडला?

अठरा तारखेला पुन्हा बोलावलंय. वन्सं, राग मानू नका, पण तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकणार नाही. समजवा तिला. रागावलात तरी माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सावित्री

ओरोस, ८ जून

चि. सलोनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचं पत्र वाचून आधी डोकंच फिरलं. मुलीच्या तोंडात बघून ज्यांना स्थळं आठवतात, त्यांना मी तीस वर्षं व्यासपीठावरून झोडपत आले, आणि ऐकलं नाही ते नेमकं माझ्या माहेराने. मुलीचं तोंड बोलायला आणि जेवायला असतं, पसंत पडायला नव्हे. तू खुर्चीतून उठलीस याचा मला अभिमान आहे.

पण माझ्या दातांचा झेंडा करू नकोस. भाषणात कधी सांगितलं नाही ते तुला सांगते. माझे खालचे दात टाळूला लागतात. घास चावला की टाळू सोलून निघते. कितीतरी सभांना मी उपाशी उभी राहिले आहे, आणि लोकांना वाटे, बाईंच्या आवाजात काय धार आहे! लहानपणी बाबा म्हणत, पोर हुशार आहे, दातांकडे कोण बघतो. प्रेमानेच म्हणत. पण त्यांनाही प्रश्न दिसण्याचाच वाटला.

तेव्हा आईबापावर रुसून नाही म्हणू नकोस, माझ्यासाठी तर मुळीच नको. तुला काय हवं ते तुझ्या तोंडाने विचार. काय मिळेल, काय मिळणार नाही, किती काळ लागेल, हे डॉक्टरीणबाईंकडून वदवून घे. मग हो म्हण की नाही, मी तुझ्या बाजूने उभी आहे. आईला सांग, राग मानला आहे, आणि तिच्या हातची सुक्या सुंगटांची किसमूर खाल्ल्याशिवाय तो जाणार नाही.

तुझीच,
आत्या

तारकर्ली, १९ जून

ती. आत्यास सलोनीचा सा. न. वि. वि.

काल गेलो. डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना थांबवून आधी मला विचारलं. मी खरं ते सांगितलं. जाळं शिवताना बाबा नायलॉनचा दोरा दातांनी कटकन तोडतात, त्यांच्यासोबत जाळी शिवणारा देवेशदादाही तोडतो. माझे पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत, मला कातरी घ्यावी लागते, म्हणून खळ्यात सगळे मला कातरीवाली म्हणतात. मला दोरा तोडायचाय.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दात जुळतील, पण दोरा तोडायचा नाही, तारा असताना नाही आणि नंतरही नाही. मग बाबांना तोंड उघडायला लावून त्यांच्या पुढच्या दातात दोऱ्याने पडलेली खाच मला दाखवली. तारांना दोन वर्षं लागतील, म्हणजे दोन चतुर्थ्या, आणि पुढेही दात जागेवर राहावेत म्हणून झोपताना दातांवर पट्टी. स्थळांची हमी त्या देत नाहीत.

तिघांनाही हवं ते मिळणार नव्हतं. मी विचारलं, मग मिळणार काय? त्या म्हणाल्या, घास पुढच्या दातांनी तोडता येईल, टाळूला इजा होणार नाही, मी कुठे पडले तरी दात सहज मोडणार नाहीत. सुरुवातीला दुखेल, बोलताना अडखळेन. मी हो म्हटलं.

फॉर्मवर उपचारातून अपेक्षा अशी ओळ होती. आईने तिथे आधीच लिहिलं होतं, मुलगी चांगली दिसावी. तिने ते स्वतःच खोडलं आणि पेन माझ्या हातात दिलं. मी लिहिलं, 'घास तोडता यावा. आत्यासारखं उपाशी राहून बोलावं लागू नये.' आईने ते दोनदा वाचलं. बाबा इतकंच म्हणाले, "बरा लिवलंस गो." आणि खाली सही केली.

पत्राचं उत्तर लांबलचक येऊ दे.

तुझी,
सलोनी