म्हातारी सावलीपर्यंत टिकेल का?

१९ फेब्रुवारी
परत अडकली! म्हातारीची, म्हणजे आमच्या जुन्या उपग्रहाची, मान फिरता फिरता थांबली. कंट्रोल रूममधल्या रिमोटने (उपग्रहांना सगळ्या कमांड तोच पाठवतो, म्हणून हे नाव) बंद करून पुन्हा चालू केली. "मॅडम, शेवटचे दिवस आहेत हं," म्हणाला. जसं काही माझं सख्खं माणूस आयसीयूत आहे. आहेच म्हणा!

२० फेब्रुवारी
आई शेजारणीला सांगत होती, "आमची ही आभाळाचा ताप मोजते." चूक नाही. हवेतून अगदी क्षीण मायक्रोवेव्ह लहरी निघतात, उपग्रह त्या टिपतो, त्यावरून तापमान कळतं. एक उपग्रह थकला की दुसरा सोडतात. माझं काम एकाचे आकडे दुसऱ्याला असे जोडायचे की सांधा दिसता कामा नये. त्यासाठी जुनी-नवी दोघी काही काळ सोबत फिरायला हव्यात – एकाच समुद्राकडे बघून कोण काय सांगते ते ताडून बघायचं.

आणि नवी रोज म्हातारीपेक्षा कमी सांगतेय. जवळजवळ अर्धा अंश! आम्ही शतांशावरून भांडणारी माणसं.

२६ फेब्रुवारी
मीटिंग. साहेब म्हणाले, "म्हातारीचे आकडे खाली ओढ आणि मोकळी हो. नवं आलं की जुन्याला त्याच्याशी जुळवायचं, आपली पद्धतच आहे ती." मी म्हटलं, चूक नवीची असली तर? "अगं, तिला येऊन वर्ष नाही झालं!" सगळे हसले. मीही हसले. कशाला हसले मी?

वीस मार्चला जोडावर माझी सही, की म्हातारीला खाली आणून जाळायची. उरलेल्या इंधनात तेवढंच होईल. "वरच मेली तर कचरा होऊन फिरत राहील," असं रिमोट म्हणतो. तोही खरंच बोलतो, हीच तर पंचाईत.

२७ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही.

३ मार्च
आईसाठी नवा वजनकाटा आणला. "हा मेला दोन किलो जास्त दाखवतो! जुना कुठाय?"
टाकला, म्हटलं.
"मग आता खरं कुणाला विचारायचं?"
मी तोंड फिरवून काटा कपाटाखाली सरकवला. तिला वाटलं, मी तिच्या वजनावरून मनातल्या मनात हसतेय. दिवसभर फुगून बसली.

१० मार्च
ऑफिसात दुपार झाली की एसीचं डोकं फिरतं. आम्ही स्वेटरात, साहेब मफलरात. आज मी कावून उठले आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट बघायला गेले. त्यावर ऊन! खिडकीतून तिरीप थेट त्याच्या तोंडावर. त्याला वाटतंय खोली तापली, म्हणून गार करत सुटलाय. फायलीचा पुठ्ठा आडवा चिकटवला. थोड्या वेळाने साहेबांनी मफलर काढला.

आणि मी खुर्चीत बसले ती बसलेच. नवीच्या अंगात एक गरम तबकडी असते. दर फेरीला ती एकदा तबकडीकडे बघते, एकदा थंडगार अवकाशाकडे, आणि त्या दोन खुणांवरून बाकी सगळं मोजते. त्या तबकडीवरच ऊन येत असेल तर? तबकडीचा वरचा थर तापणार, आतल्या थर्मामीटरला पत्ताच नाही. मग त्या चुकीच्या खुणेच्या मानाने अख्खी पृथ्वी तिला गार दिसणार! म्हातारीच्या तबकडीला झाकण आहे. नवीच्या नाही – वजन वाचवलं म्हणे.

११ मार्च
साहेबांना सांगितलं. "पुठ्ठ्यावरून सुचलं?" हो. "सिद्ध कर."

मार्ग एकच. वर्षातले काही दिवस नवी दर फेरीत थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीतून जाते. सावलीत ऊन नाही. तेव्हा फरक मिटला तर चूक उन्हाची, म्हणजे नवीची. पण सावली लागते पाच एप्रिलला, आणि तोवर म्हातारी जगायला हवी.

साहेबांनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. "दहा एप्रिल. पुढे एक दिवस नाही. आणि ती वरच अडकून मेली तर जाब तू द्यायचा."
देईन, म्हटलं. कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला!

२० मार्च
सही केली नाही.

२८ मार्च
मान अडकली. दोनदा चालू केली, ढिम्म. तिसऱ्यांदा फिरली. घरी आले तर आई म्हणाली, "तोंड का उतरलंय?" म्हटलं, ऑफिसातली म्हातारी अत्यवस्थ आहे. "अगं, मग इथे काय करतेस? जा ना तिच्याजवळ!"

१ एप्रिल
रिमोटचा फोन – "मॅडम, गेली." मी फोन कानाला लावूनच चपला शोधायला लागले. मग हा खो खो हसतोय. एप्रिल फूल! मेल्याला इतक्या शिव्या घातल्या की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

५ एप्रिल
सावली लागली. काहीच कळत नाही.

७ एप्रिल
मिटला! फरक मिटला! म्हातारी जागची हललेली नाही, नवीच वर सरकली. सावलीतून बाहेर येते तशी परत घसरते. बाथरूममध्ये जाऊन रडले. म्हातारी खरं बोलत होती गं, पहिल्यापासून.

१० एप्रिल
म्हातारीला खाली आणली. शेवटच्या कमांडला रिमोट उभा राहिला. चेष्टा नाही, काही नाही. मीही उभी राहिले.

११ एप्रिल
साहेब स्वतःची खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आले. पुठ्ठ्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हातारीच्या आधीची थोरली – तिच्या तबकडीलाही झाकण नव्हतं. सावलीची वाट न बघता तिचा म्हातारीशी जोड उरकला होता. माझा आहे तो. तो उघड, परत तपास."