‘इतर औषधे’ या रकान्यासह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, पेशाने परिचारिका, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राहत्या घरी खिडकीजवळच्या टेबलाशी बसून स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, तेथे कर्करोग आहे आणि जेथे बत्तीस वर्षे नोकरी केली त्याच रुग्णालयात त्यावर उपचार चालू आहेत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भावाने घाई केली, पण तो त्याचा स्वभाव आहे, दडपण नव्हे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या मालकीच्या दोन खोल्या माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. स्वयंपाकघरातला नळ उलट्या बाजूने फिरतो. प्लंबरला बोलावू नये, तो लगेच सगळे बदलायला सांगतो. उलटे फिरवायची सवय दोन दिवसांत होते.

२. बँकेतील ठेव भावाला. ती किती आहे हे त्याला माझ्याइतकेच पाठ आहे, म्हणून आकडा लिहीत नाही.

३. छातीवर उलटे लावायचे माझे घड्याळ शेजारच्या घड्याळजींना द्यायचे होते. वर्षानुवर्षे त्यांनीच ते चालू ठेवले. परंतु ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात. म्हणून घड्याळ आणि पट्ट्या कापायची कात्री वॉर्डाला द्यावी. कात्रीने पार्सलची दोरी कापू नये. कोण कापत होते ते मला माहीत आहे.

४. आतल्या खोलीतील लोखंडी कपाट. याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

रुग्ण दाखल होताना मी त्याचा फॉर्म भरत असे. त्यात ‘इतर औषधे’ असा एक रकाना आहे. वॉर्डाचे मोठे डॉक्टर कामात पक्के, पण या एका बाबतीत तोंडाने फाटके. एकदा एका म्हाताऱ्याच्या उशाखाली काढ्याची बाटली सापडली. ती त्यांनी सगळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतली आणि म्हणाले, “याच्यावर भरवसा असेल तर खाट कशाला अडवता? घरी जा आणि प्या!” म्हातारा मान खाली घालून बसला. त्या दिवसापासून त्या वॉर्डात कोणी काही घेत नाही असे झाले. म्हणजे डॉक्टरांसमोर.

माझ्यासमोर सगळे बाहेर निघायचे. चूर्णे, तेले, थेंब, मुळ्या, कोणा मावसबहिणीने दिलेले मंतरलेले पाणी. मी म्हणायची, “द्या इकडे. घरी जाताना परत देईन. डॉक्टरांना बोलू नका, उगाच ओरडतील.” रकान्यात मी ‘नाही’ लिहून टाकायची. पुढे पुढे तर रुग्ण समोर बसायच्या आधीच लिहून ठेवायची. वेळ वाचायचा आणि सगळ्यांची इज्जतही राहायची, असे मला वाटे.

जे घरी गेले त्यांनी आपापले परत नेले. जे गेले नाहीत त्यांचे या कपाटात आहे. नोकरी सुटल्यावर मी ते इकडे आणले, टाकवले नाही. भाचीने ते रुग्णालयाच्या औषध-कचऱ्यात द्यावे, नाल्यात ओतू नये. मात्र वरच्या खणातला पत्र्याचा डबा वेगळा ठेवावा. त्यावर कापडावर खुणा करायच्या खडूने फुली आहे.

तो डबा एका शिंपीणबाईंचा. त्या वैद्याकडून ताकदीचे चूर्ण घेत. कर्करोगाच्या औषधाच्या तिसऱ्या खेपेला त्यांचे यकृताचे आकडे चढले. मोठ्या डॉक्टरांना वाटले, आपल्या औषधाने चढले. त्यांनी औषध थांबवले. फॉर्मवर ‘नाही’ होते, मग दुसरे काय वाटणार? डबा माझ्याकडेच राहिला, बाई घरी नवे चूर्ण आणून घेत राहिल्या, आकडे खाली येईनात, औषध सुरू होईना. ते तीन महिने रोगाने वाया घालवले नाहीत. चूर्णामुळेच झाले असे मी म्हणत नाही. ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

वैद्यांना दोष देऊ नये. चूर्णात काय काय आहे ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले होते आणि “तुमच्या डॉक्टरांना दाखवा” असे बजावले होते. बाईंनी चिठ्ठी माझ्या हातात दिली. मी ती डब्यात घातली आणि कपाट लावले. चिठ्ठी अजून डब्यात आहे.

५. मोठ्या डॉक्टरांना मी काही ठेवत नाही. ते निवृत्त झाले त्या दिवशी भाषणात म्हणाले, “माझ्या वॉर्डात शंभरात चार रुग्णसुद्धा बाहेरचं काही घेत नव्हते. का? शिस्त!” लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. तो आकडा माझ्या अक्षरातल्या ‘नाही’वरून काढलेला होता. खरा आकडा साठाच्या वर आहे. तो त्यांना कळवावा. पण हेही लिहिते की मरणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसणारे ते एकटेच डॉक्टर मी पाहिले.

६. निळी वही. कोणी काय घेत होते, किती, कधीपासून, हे सगळे मी तीत खरे लिहिले आहे. ती सध्या वॉर्ड चालवणाऱ्या आणि माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मिळावी. त्या शिकाऊ म्हणून आल्या तेव्हा फॉर्म भरायला मी शिकवले.

७. माझ्याबद्दल. सात आठवडे मी थेंब घेत आहे. भाऊ घेऊन आला. “ताई, घे ना. काय जातंय तुझं?” काय जाते ते मला चांगले ठाऊक होते. तरी घेतले. वैद्य तेच, आता थकलेले. त्यांनी माझी चौकशी पाऊण तास केली. झोप कशी लागते, एकटी राहते का, कसली भीती वाटते. इतका वेळ मीही कधी कोणा रुग्णाला दिला नव्हता. शेवटी त्यांनी विचारले, “डॉक्टरांना सांगितलंय ना?” मी म्हणाले, “हो.” माझे यकृताचे आकडे चढले आहेत. येत्या गुरुवारी औषध थांबवायचे की नाही हे ठरणार आहे. मी अजून बोललेले नाही.

८. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत.

दुरुस्ती, आजच, सकाळी साडेअकरा वाजता.

मी शुद्धीत असल्याचा दाखला द्यायला डॉक्टरीणबाई घरी आल्या. दाखल्याचा छापील कागद त्या दवाखान्यातूनच भरून घेऊन आल्या होत्या. त्यात ‘इतर औषधे’पुढे ‘नाही’ होते.

“हे मला विचारलंस का?” मी म्हटले.

“तुम्हाला काय विचारायचं, सिस्टर! आणि तो रकाना आधीच भरून ठेवायचा, हे तुम्हीच तर शिकवलंत.”

मी उठून थेंबांची बाटली आणली आणि कागदावर ठेवली. तिने आधी बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“कधीपासून?”

“सात आठवडे.”

“आणि परवा मी तुमचं औषध बंद करणार होते. सिस्टर, तुम्हीसुद्धा?”

“ओरड की. मोकळी होशील.”

“ओरडले तर पुढची बाटली कपाटात जाईल. यात काय आहे, काही माहिती?”

वैद्यांनी या वेळीही चिठ्ठी दिली होती. ती मी दिली. तिने दोनदा वाचली. “थेंब आजपासून बंद. रक्त पुन्हा तपासू, मग औषधाचं ठरवू. आणि त्या वैद्यांचा फोन नंबर द्या.”

“भांडायला?”

“विचारायला. यातली दोन नावं मला कळत नाहीत.”

सबब कलम ६ रद्द. निळी वही आणि खडूच्या फुलीचा डबा, चिठ्ठीसह, मी डॉक्टरीणबाईंना हयातीतच दिला. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, आणि ही माहिती एकदा तशी उशिरा पोचलेली आहे. कलम ७ खोडत नाही. तसेच राहू द्यावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते बरोबर आहे.

सही: लिहून ठेवणारी, निवृत्त परिचारिका
साक्षीदार १: शेजारचे घड्याळजी
साक्षीदार २: रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवरचे निवृत्त कारकून
स्थळ: राहते घर. मंगळवार, १४ मार्च.

डॉक्टरांचा दाखला: सदर बाईंना मी आज तपासले. त्या पूर्ण शुद्धीत असून आपण काय लिहीत आहोत हे त्यांना नीट समजते. इतर औषधे: ‘नाही’ हा शब्द खोडला आहे. आहेत, थेंब, सात आठवडे, यादी सोबत जोडली आहे. रुग्णाला विचारून लिहिले. खाडाखोडीवर माझी सही.