आईचा ओव्हन

धाकटे,

आई गेली त्याच आठवड्यात तू तिचा ओव्हन उचलून नेलास. वर म्हणालीस, "ताई, या वयात तुला कुठे झेपणार!"

काल तुझा फोन. "ताई गं, आईसारखी बिस्किटं होतच नाहीत. पसरून नुसता पत्रा होतो."

मी आवाजात साखर घोळून म्हटलं, "लोणी वाढव, बाळ." म्हणजे आणखी पसरतील!

आई मळलेलं पीठ आधी खिडकीबाहेर थंडीत गारठवायची, म्हणून तिची पसरत नसत. तू तेव्हा पांघरुणात लोळायचीस.

आता हिवाळाभर लोणी वाढवत बस. ओव्हन परत आणलास, की खिडकी मीच उघडून देईन. तोवर हे पत्र माझ्या उशाखाली.

तुझं बरं चिंतणारी, पण आत्ता नव्हे,
ताई